कीबोर्डाचा उतार आणि कामगाराचे मनगट

(नवी दिल्ली येथे कस्तुरबा गांधी मार्गावरील एका सभागृहात रेल्वे व टपाल खात्यांतील मराठी कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषण)



आज आपण ज्या रस्त्यावर जमलो आहोत त्याला जुनी माणसे अजून कर्झन रोड म्हणतात. याच रस्त्याच्या इंडिया गेटकडील टोकाला बडोदा हाऊस उभे आहे. मराठी माणसाला त्या वास्तूविषयी आपुलकी वाटावी असे कारण आहे. ती बडोद्याच्या गायकवाडांचे दिल्लीतील निवासस्थान म्हणून बांधली गेली. आराखडा एडविन ल्युटेन्स यांचा. आज तेथे उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. याच मार्गावर २०१३ साली नवे महाराष्ट्र सदनही उभे राहिले. तेव्हा दिल्लीत असूनही आपण अगदी परक्या मुलखात नाही.

बडोदा हाऊसकडे पाहताना आमच्या मनात एक विचार येतो. राजाचा वाडा बांधला तेव्हा त्याच्या दालनांची उंची आणि जिन्याच्या पायऱ्या राहणाऱ्याच्या सोयीने ठरल्या असतील. मग त्याच वाड्यात, किंवा देशातल्या कोणत्याही स्टेशनावर आणि पोस्टात, आठ तास बसणाऱ्या कारकुनाची खुर्ची, टेबल आणि खिडकी कोणाच्या मापाने ठरते? आमच्या अनुभवात तरी ती कोणाच्याच मापाने ठरत नाही. सामान येते, मांडले जाते, आणि माणसाने स्वतःला त्यात बसवून घ्यायचे असते.

आज सचिव पगार, पेन्शन, रिक्त जागा यांवर बोलतील अशी आपली अपेक्षा असेल. ते प्रश्न आहेतच आणि त्यांवर आपण भांडतोच आहोत. परंतु आज आम्ही कीबोर्डाच्या मागच्या बाजूला असलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पायांविषयी बोलणार आहोत. कोणाला हसू आले तर आम्ही रागावणार नाही. आम्हीही एकदा हसलो होतो, आणि त्या हसण्याची किंमत आमच्या एका भगिनीने मोजली.

आमच्या भागातील एका स्टेशनाची ही गोष्ट. स्टेशनाचे आणि भगिनीचे नाव सांगत नाही, कारण अशी स्टेशने पुष्कळ आहेत. तेथील तिकीट खिडकीचा ओटा पुठ्ठ्याच्या तिकिटांच्या काळातला. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा तीच तिकिटे होती. कपाटातून तिकीट काढायचे, तारखेच्या यंत्रात घालायचे, खट्ट आवाज झाला की प्रवाशाच्या हातात द्यायचे. त्या कामासाठी ओटा उंच असला तरी चालत असे. बाहेर उभा राहणारा प्रवासी आणि आत बसणारा बाबू यांची नजरानजर व्हावी एवढाच त्याचा हिशेब होता. पुढे संगणक आला. तिकिटे गेली, यंत्र गेले, पण ओटा राहिला. त्याच कडाप्प्याच्या ओट्यावर कीबोर्ड ठेवला गेला.

या भगिनी ठेंगण्या बांध्याच्या. वीस वर्षे खिडकीवर काम केलेल्या. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होऊ लागली. रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागे. खात्याच्या दवाखान्यात गेल्या तर विचारणा झाली, घरी धुणे किती धुता, पोळ्या किती लाटता? मग त्या युनियनच्या ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, त्या कीबोर्डाचं काहीतरी करा. माझा हात सारखा वर वाकलेला राहतो." त्या दिवशी आमच्यापुढे बदल्यांच्या फायलींचा ढीग होता. आम्ही हसून म्हणालो, "ताई, इथं माणसांच्या नोकऱ्यांचं चाललंय आणि तुम्ही कीबोर्डाचं काय घेऊन बसलात!" आजूबाजूचे कार्यकर्तेही हसले. त्या काही न बोलता निघून गेल्या.

काही महिन्यांनी त्यांच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली. बधिरपणा पुष्कळ कमी झाला, पण पकड पूर्वीसारखी राहिली नाही. त्यांना खिडकीवरून दुसऱ्या कामावर घेतले. त्यानंतर त्या पुन्हा ऑफिसात आल्या. तक्रार केली नाही. एवढेच म्हणाल्या, "माझ्या जागेवर आता नवी मुलगी आलीय. तिचं तरी बघा."

मित्रहो, त्या वाक्याने आम्हाला त्या ओट्यापाशी नेले. आम्ही मॅट्रिक शिकलेले. डॉक्टर नाही की इंजिनिअर नाही. पण फूटपट्टी वापरता येते आणि माणसाला नीट विचारता येते. आम्ही प्रत्येक पाळीत जाऊन बसलो. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले की सर्वच कीबोर्डांचे मागचे पाय उघडलेले होते. एका कीबोर्डाचा एक पाय मोडला होता, तर त्याखाली तिकीट रोलची रिकामी नळी कापून टेकू दिला होता. पाय का उघडता, असे विचारले तेव्हा सर्वांचे उत्तर एकच, "असतात म्हणून उघडतो." कोणालाही ते कशासाठी असतात हे माहीत नव्हते. आम्हालाही नव्हते.

ते नंतर वाचून, विचारून जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या मनगटात आठ लहान हाडांची एक कमान आहे आणि तिच्यावर एक जाड पट्टा ताणलेला आहे. त्या दोहोंमधून एक अरुंद बोगदा तयार होतो. रेल्वेवाल्यांना बोगदा समजावून सांगायला नको. या बोगद्यातून बोटे वाकवणारे नऊ दोर आणि एक मुख्य मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना त्या तंतूकडे असते. हात कोपरापासून बोटांपर्यंत सरळ असला की बोगद्यात जागा राहते. पंजा मागे, म्हणजे हाताच्या पाठीकडे वाकला की आतला दाब वाढतो. तास दोन तासांनी काही बिघडत नाही. पण रोज, प्रत्येक पाळीत, वर्षानुवर्षे पंजा तसाच धरून बोटे चालवली तर हाताने तक्रार केली नाही तरच नवल.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा मज्जातंतूचा आजार केवळ कीबोर्डामुळे होतो का, यावर डॉक्टरांत एकमत नाही. मधुमेह, थायरॉईड, गरोदरपण, अशी इतरही कारणे असतात. त्यामुळे आपण प्रशासनापुढे जाऊन "कीबोर्डाने हात गेला" असे सरसकट म्हणू नये. पहिल्याच बैठकीत आपला दावा खोडला जाईल. पण वाकलेल्या मनगटाने काम केल्यास हात, दंड आणि खांदे अधिक थकतात, दुखतात, आणि ती वाकण टाळता येते, एवढे आपण ठामपणे म्हणू शकतो. मागणी करायला तेवढे पुरेसे आहे.

आता ते दोन पाय. जुन्या टंकयंत्रात कळांच्या रांगा जिन्यासारख्या एकावर एक चढत्या असत, कारण प्रत्येक कळीमागे लोखंडी दांडा होता आणि त्याला खाली जायला जागा लागत असे. टाइपिस्ट त्या चढाला सरावले. संगणकाच्या कीबोर्डात दांडे नाहीत, पण चढाची सवय राहिली. १९८१ साली आयबीएम कंपनीचा घरगुती आकाराचा संगणक आला, तेव्हा त्याच्या कीबोर्डालाही मागची बाजू उचलण्याची सोय होती. पुढे ते घडीचे प्लॅस्टिकचे पाय सर्वत्र झाले. त्यांचा खरा उपयोग एकच. ज्याला कळांवरची अक्षरे बघून टाइप करावे लागते त्याला चढत्या फलकावर ती नीट दिसतात. ज्याची बोटे सरावलेली आहेत त्याला त्या पायांचा फायदा थोडा आणि तोटा फार.

तोटा कसा, त्याचा हिशेब अगदी सोपा आहे. साधारण कीबोर्ड पुढून मागे पंधरा सेंटीमीटर धरा. मागची बाजू दोन सेंटीमीटर उचलली की सुमारे साडेसात अंशांचा चढ तयार होतो. मुळातल्या थोड्याशा चढात त्याची भर पडते. बोटे त्या चढावर न्यायची म्हणजे पंजा तेवढा मागे वाकवायचा. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कीबोर्ड पंधरा अंश चढता ठेवून सुरुवात केली आणि क्रमाक्रमाने पंधरा अंश उतरता, म्हणजे पुढची कड उंच व मागची खाली, असा केला. मनगटाची मागची वाकण सरासरी सुमारे बावीस अंशांवरून सुमारे नऊ अंशांवर आली. कॉर्नेल विद्यापीठातील अ‍ॅलन हेज यांनीही १९९० च्या दशकात टेबलाखाली बसवलेल्या, पुढे उंच आणि मागे उतरत्या फळीचे प्रयोग केले. त्यातही मनगट अधिक सरळ राहते असेच दिसले. म्हणजे आपण सगळे जो पाय मोठ्या हौसेने उघडतो, तो बहुतेकांच्या हाताला उलट्या दिशेने नेतो.

मग पाय तोडून टाका, असा फतवा काढायचा का? नाही. कारण यात आणखी एक गोम आहे. हात सरळ राहायचा तर कीबोर्डाचा पृष्ठभाग कोपरापासून निघालेल्या हाताच्या रेषेत असला पाहिजे. कीबोर्ड कोपराच्या उंचीवर असेल तर तो सपाट हवा. कोपराच्या खाली असेल तर हात उतरता येतो, म्हणून फलकही मागे उतरता हवा. ओटा उंच असेल आणि हात वर चढवावा लागत असेल तर थोडा चढच बरा वाटेल. पण तेव्हा खांदे आक्रसतात, आणि खरा उपाय बैठक उंच करून पायाखाली पाट देणे हाच. उंच माणसाला एक कोन, ठेंगण्याला दुसरा. बसून काम करणाऱ्याला एक, उभ्याने करणाऱ्याला आणखी वेगळा.

आता आपल्या कामाची रीत आठवा. आपल्या तिकीट खिडकीवर एकच खुर्ची, एकच ओटा आणि एकच कीबोर्ड, पण माणसे तीन पाळ्यांची तीन. सकाळी साडेपाच फुटी भाऊ, दुपारी पाच फुटी ताई, रात्री सहा फुटी तरुण. पोस्टाच्या काउंटरवरही रजेवरच्या माणसाच्या जागी दुसरा येऊन बसतोच. या सर्वांना चालेल असा एकच कोन जगातला कोणताही तज्ज्ञ सांगू शकणार नाही. म्हणून मागणी अमुक अंशांची करायची नसते. बसणाऱ्याला आपल्या हाताने, हत्यार न लावता, क्षणात कोन बदलता येईल अशा यंत्रणेची मागणी करायची असते. आमच्या सगळ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

अशा यंत्रणा असतात आणि त्या काही अवघड नाहीत. पहिला प्रकार म्हणजे कीबोर्डाचेच पाय. काहींत दोन उंचींचे पाय असतात, तर काही थोड्या कीबोर्डांत पुढच्या कडेलाही पाय असतात. ते सर्वांत स्वस्त. दुसरा प्रकार, टेबलाखाली सरकपट्टीवर बसवलेल्या फळीचा. ती आतबाहेर सरकते, उजवीडावीकडे फिरते, खालीवर होते, आणि तिच्या बाजूला असलेली मूठ सैल केली की फळीचा उतार बदलतो. मूठ आवळली की जागच्या जागी घट्ट. काहींत मूठही नसते. फळीची पुढची कड उचलली की अडकण सुटते, हवी तेथे नेऊन सोडली की पुन्हा अडकते. तीन पाळ्यांच्या जागेवर हा शेवटचा प्रकार उत्तम, कारण पाळी बदलताना मूठ फिरवत बसायला कोणाला वेळ असतो?

आमच्या त्या स्टेशनावर विकतची फळी मिळणे शक्य नव्हते. शेडमधील एका सुतारबंधूने ती बनवून दिली. भंगारातला प्लाय, दोन बिजागऱ्या, बाजूला कमानदार खाच पाडलेली लोखंडी पट्टी आणि हाताने फिरवायचा पंखाचा नट. ओट्याला भोक पाडायची परवानगी नव्हती म्हणून कडेला क्लॅम्प लावून ती खाली टांगली. पहिल्याच दिवशी फजिती झाली. टाइप करता करता नट सैल झाला आणि फळी खाली झुकली. रांगेतले प्रवासी हसले. दुसऱ्या दिवशी सुताराने नटाखाली स्प्रिंगचा वायसर घातला. मग गुडघ्यांना फळी लागू लागली, कारण खाली गल्ल्याचा खण होता. खण बाजूला सरकवला. असे करत करत आठवड्याभरात जमले. नव्या मुलीने पहिल्या दिवशी फळी किंचित उतरती केली आणि म्हणाली, "खांदे खाली आले." आम्ही ते शब्द जपून ठेवले आहेत, कारण ते कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालात आम्हाला इतक्या सरळ सापडले नसते.

प्रशासनाचे म्हणणे काय? सरकारी मालमत्तेत परवानगीशिवाय फेरफार केला. आम्ही विषय पी.एन.एम.च्या कार्यसूचीवर घेतला. पहिले उत्तर आले की सामानाच्या तपशिलात अशी तरतूद नाही. आम्ही म्हटले, तपशील माणसांनीच लिहिला आहे, माणसांनीच बदलावा. पुष्कळ पत्रव्यवहारानंतर त्या एका खिडकीपुरती फळी "प्रायोगिक" म्हणून राहू दिली. आजही ती प्रायोगिकच आहे. बाकीच्या खिडक्यांवर लढा चालू आहे. ज्या भगिनीमुळे हे झाले त्यांचा हात पूर्वीसारखा झाला नाही. हे येथे मुद्दाम सांगतो, कारण आपण विजयाच्या गोष्टी सांगताना उशिराची गोष्ट सांगायला विसरतो.

टपाल खात्यातील बंधूंना वाटेल की हे रेल्वेचे दुखणे आहे. तसे नाही. हाताच्या दुखण्याचा इतिहास तर आपल्याच तारखात्यातून सुरू होतो. मोर्सच्या खटक्यावर दिवसभर ठोके देणाऱ्या तारबाबूंचा हात आखडत असे. बोटे ऐकत नसत. ब्रिटनमध्ये १९०८ साली या दुखण्याचा, तारबाबूंच्या हाताच्या पेटक्याचा, नुकसानभरपाई मिळणाऱ्या आजारांच्या यादीत समावेश झाला. त्याच १९०८ साली हिंदुस्थानातील तारखात्यातही मोठा संप झाला होता. पुढे १९११ साली तेथील पोस्ट खात्याच्या समितीने या पेटक्याची चौकशी केली. तिने दोन कारणे सांगितली. एक, पुन्हापुन्हा येणारा थकवा. आणि दुसरे, तार पाठवणाऱ्याच्याच स्वभावातील चंचलता, म्हणजे त्याच्या नसांचा दुबळेपणा!

पाहिलेत ना? शंभराहून अधिक वर्षे झाली. आपल्या देशातील तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण ते दुसरे कारण काही मेले नाही. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात टेलिफोन खात्यातील आणि कचेऱ्यांतील हजारो कीबोर्ड कामगारांचे हात दुखू लागले, तेव्हाही दुखणे हातात आहे की डोक्यात, यावर मोठा वाद झाला. आणि आमच्या भगिनीला विचारले गेले, पोळ्या किती लाटता? यंत्र तपासण्याआधी माणूस तपासायचा, ही रीत जुनी आहे. आम्ही हसलो तेव्हा आम्हीही त्याच रीतीत बसलो, ही कबुली देतो.

आणखी एक फरक ध्यानात घ्या. टंकयंत्रावर ओळ संपली की हात उचलून गाडा मागे सारावा लागे. पान संपले की कागद बदलावा लागे. तिकिटाच्या यंत्रालाही तिकीट आणून घालावे लागे. ही सगळी हाताची विश्रांती होती, आणि ती कामातच मिसळलेली होती. दिल्लीत १९८५-८६ च्या सुमारास संगणकावर आरक्षण सुरू झाले, १९८६ मध्ये क्रिस ही रेल्वेची संगणक संस्था स्थापन झाली. १९९० च्या दशकापासून पोस्टाच्या काउंटरवरही यंत्रे येऊ लागली. काम झपाट्याने होऊ लागले, रांगा हलू लागल्या, लोकांची सोय झाली. त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण त्या झपाट्यात हाताची लहान लहान विश्रांती नाहीशी झाली आणि तिची नोंद कोठल्याही रजिस्टरात झाली नाही. म्हणून उतार बदलणारी फळी मिळाली तरी काम संपले असे समजू नका. मधूनमधून हात मोकळा ठेवायला मिळाला नाही तर उत्तम फळीही निकामी.

काहीजण म्हणतील, असल्या बारीकसारीक गोष्टी कायद्यात थोड्याच बसतात? बसतात. युरोपीय समुदायाने २९ मे १९९० रोजी पडद्यासमोर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी एक निर्देश काढला आणि १९९२ अखेरपर्यंत सदस्य देशांना तो लागू करायला सांगितले. त्यात स्पष्ट म्हटले आहे की कीबोर्ड पडद्यापासून वेगळा असावा, त्याचा उतार बदलता यावा, म्हणजे काम करणाऱ्याला हात न थकता बसता येईल, आणि कीबोर्डासमोर हात टेकायला जागा असावी. ब्रिटनने त्यासाठी १९९२ सालचे नियम केले. त्याआधी पश्चिम जर्मनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी कीबोर्डाची मधली रांग टेबलापासून तीस मिलिमीटरहून उंच असू नये असे मानक घातले, आणि जगभरच्या कंपन्यांना आपले जाडजूड कीबोर्ड चपटे करावे लागले. एका देशाच्या मानकाने साऱ्या दुनियेचा कीबोर्ड बदलला. तेव्हा प्लॅस्टिकच्या पायाची गोष्ट क्षुल्लक समजू नका.

आपल्याकडे कामाच्या तासांचे नियम आहेत. रेल्वेत २००५ चे कामाचे तास व विश्रांतीचे नियम आहेत. ते भांडून मिळालेले आहेत. तासांची मोजणी आपण शिकलो, तशी आता बैठकीची मोजणीही शिकली पाहिजे. तेव्हा आमच्या सूचना अशा.

पहिली, प्रत्येक शाखेने आपापल्या खिडक्या, काउंटर आणि टेबले पाहावीत. साधी परीक्षा आहे. माणसाने नेहमीसारखे बसावे, खांदे सैल, कोपर अंगाशी. हात कीबोर्डावर ठेवावा आणि दुसऱ्याने त्याच्या हाताच्या पाठीवर, पंजापासून कोपराकडे, लाकडी पट्टी आडवी धरावी. पट्टी सपाट बसली तर ठीक. मनगटाशी फट दिसली, तर पंजा मागे वाकतो आहे. प्रत्येक पाळीच्या माणसाची अशी नोंद घ्यावी.

दुसरी, उद्यापासून कीबोर्डाचे मागचे पाय मिटवून पाहावेत. एक पैसा लागत नाही. अजून वाकण वाटली तर पुढच्या कडेखाली सेंटीमीटर दीड सेंटीमीटर जाडीची लाकडी पट्टी ठेवून पाहावी. चार ते सहा अंशांचा उतार मिळतो. ज्याला अक्षरे दिसायला त्रास होतो त्याने हट्टाने तसे करू नये. त्याला टायपिंगचा सराव मिळावा अशी मागणी आपण करू.

तिसरी, मागणीपत्रात शब्द नेमके लिहावेत. "चांगले फर्निचर द्या" असे लिहिले की नव्या रंगाच्या खुर्च्या येतात. असे लिहा की कीबोर्डाची फळी हाताने, हत्याराशिवाय, उंची व दोन्ही दिशांचा उतार बदलता येणारी असावी, खुर्ची खालीवर होणारी असावी, पायाखाली पाट असावा, आणि नवा काउंटर बांधण्यापूर्वी तेथे बसणाऱ्यांना विचारले जावे.

चौथी, हात दुखतो म्हणून जो पुढे येईल त्याला प्रथम ऐकून घ्यावे. ही सूचना प्रशासनाला नाही, आपल्याच कार्यकर्त्यांना आहे.

मित्रहो, नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपल्याला नवे नाही. गिरणीत येण्यापूर्वी त्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली होती, म्हणजे ते तुमचे आमचे दोघांचेही सहकारी. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून निवेदन दिले. त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर आणखी एक मागणी होती, दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी. भाकरी खायला अर्धा तास! त्या वेळच्या मालकांना ती किती क्षुल्लक वाटली असेल. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडले. आज ती सुट्टी कोणाला क्षुल्लक वाटते का?

कामगाराच्या अंगाला जे रोज लागते ते लहान नसते. यंत्र यायचे आहे, नवे यायचे आहे, याहून वेगवान यायचे आहे. ते आपण अडवणार नाही. पण यंत्रापुढे माणसाने किती वाकायचे आणि माणसासाठी यंत्राने किती वाकायचे, हे ठरवण्याची मूठ त्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या हाती असली पाहिजे.

येथून आपापल्या ठिकाणी परत गेलात की आपल्या खिडकीवरचा कीबोर्ड उचलून एकदा खाली बघा. पाय उघडे असतील तर मिटवा. आणि शेजारच्या ताईला किंवा भाऊला विचारा, हात कसा आहे? आम्ही ते वेळेवर विचारले नाही. तुम्ही विचारा.

कामगार एकजूट झिंदाबाद!